अंतोनी गाउदी : तांबटाच्या घरचा वास्तुकार

वडोदऱ्यात वाढलेल्या बहुतेक मराठी मुलांनी लक्ष्मी विलास पॅलेसची एक गोष्ट आजी-आजोबांकडून ऐकलेली असते. राजवाड्याचा आराखडा मेजर चार्ल्स मँट या इंग्रज वास्तुकाराने केला. काम सुरू झाले आणि त्याच्या मनाने घेतले की आपला वजनाचा हिशेब चुकला, हा वाडा उभा राहणार नाही. त्या धास्तीतच १८८१ मध्ये त्याचा अंत झाला, असे सांगतात. पुढे रॉबर्ट चिझम याने काम हाती घेऊन पुरे केले आणि १८९० पासून वाडा जागचा हललेला नाही. गोष्टीत खरे किती आणि तिखटमीठ किती, हे सोडून देऊ. पण त्या धास्तीत अर्थ आहे. इमारत उभी राहील की नाही, हे ती बांधण्याआधी कसे कळणार? आम्ही बँकेत असताना घरबांधणी कर्जाच्या फायलीत इंजिनिअरचा दाखला लावलेला असे. त्यावर सही पाहून आम्ही पुढे जात असू. त्या सहीच्या मागे कोणी किती रात्री जागवल्या असतील, हा विचार नोकरीत असताना कधी आला नाही.

तो विचार निवृत्तीनंतर एका स्पॅनिश वास्तुकारामुळे आला. लक्ष्मी विलासचे काम चालू होते त्याच दशकात स्पेनमधल्या बार्सिलोना शहरात हा माणूस आपली पहिली मोठी कामे करत होता. त्याने वजनाचा हिशेब कागदावर न करता दोऱ्या आणि बंदुकीच्या छऱ्यांनी केला. अंतोनी गाउदी त्याचे नाव. त्याच्या इमारतींचे फोटो आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असतील. मुले-नातवंडे युरोपात असल्यामुळे काहीजण प्रत्यक्षही जाऊन आले आहेत. मेणबत्तीचे मेण वितळून खाली ओघळावे तशी ती मनोऱ्यांची चर्चे आणि लाटांसारखी घरे पाहून बहुतेकांना वाटते की हा कोणी लहरी कलावंत असावा. आमचाही आधी तोच समज होता.

गाउदीचा जन्म २५ जून १८५२ रोजी कातालोनिया प्रांतातल्या रेउस गावच्या परिसरात झाला. घराणे तांबटांचे. बाप, आजा आणि आईकडचे लोकही तांब्याचे काम करणारे. दारू गाळायची मोठी भांडी आणि बॉयलर ते ठोकून बनवत. ज्यांनी पुण्याच्या तांबट आळीत उभे राहून बंब घडताना पाहिला आहे त्यांना यातली मेख लगेच कळेल. तांबट आधी चित्र काढत बसत नाही. सपाट पत्रा घेतो, ठोकत जातो आणि पत्र्याला पोट येते, गळा येतो, काठ येतो. सपाटातून घनाकार कसा होतो हे त्याला हाताने माहीत असते. आपल्याला आकार डोळ्यांपुढे उभा करण्याची सवय बापाच्या दुकानातून लागली, असे गाउदी पुढे आयुष्यभर मानत आला.

लहानपणीच त्याला संधिवाताने गाठले. कितीतरी दिवस शाळा चुकायची आणि चालणे अशक्य झाले की त्याला गाढवावर बसवून नेत. खेळता येत नाही अशा मुलाला बसून पाहण्याशिवाय दुसरा उद्योग काय? गोगलगाय, वेलीचा पीळ, झाडाचे खोड फांद्यांत कुठे आणि कसे दुभंगते, हे त्याने त्या दिवसांत पाहून ठेवले.

१८६८ च्या सुमारास तो शिकायला बार्सिलोनाला आला. शिक्षण चालू असतानाच १८७६ मध्ये नुकताच डॉक्टर झालेला भाऊ गेला आणि त्याच वर्षी आई गेली. तीन वर्षांनी बहीणही गेली. तिची लहान मुलगी मागे राहिली. म्हातारा बाप, ही भाची आणि गाउदी असे तिघांचे घर पुढे कितीतरी वर्षे चालले. गाउदीने लग्न केले नाही. एका शिक्षिकेवर त्याचे मन होते, पण तिकडून नकार आला, एवढे चरित्रकार सांगतात. १८७८ मध्ये त्याला वास्तुकाराची पदवी मिळाली.

पदवी मिळाल्यावर लगेच कोणी राजवाडा बांधायला देत नाही. बार्सिलोना नगरपालिकेने त्याला रस्त्यावरच्या दिव्यांचे खांब करायला दिले. सहा हातांचे, माथ्यावर पंखांचे शिरस्त्राण असलेले त्याचे दोन खांब प्लासा रेइयाल या चौकात १८७९ पासून आजही उभे आहेत. दुसरे काम त्याहून लहान. कोमेया नावाच्या हातमोजे विकणाऱ्या व्यापाऱ्यासाठी त्याने १८७८ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात मांडायला एक काचेचे कपाट केले. माल हातमोज्यांचा, कपाट लोखंड, लाकूड आणि काचेचे. ते कपाट एउसेबी ग्वेल या कातालान कारखानदाराच्या नजरेत भरले. कपाट करणारा कोण, याची त्याने चौकशी केली. पुढची चाळीस वर्षे ग्वेल हा गाउदीचा आश्रयदाता आणि मित्र राहिला. बँकेत आम्ही पुष्कळ उद्योगपती पाहिले. खर्चाचा अंदाज दुप्पट झाला तरी त्याच माणसाला पुढचे काम देणारा उद्योगपती मात्र आमच्या पाहण्यात नाही.

कासा व्हिसेन्स हे त्याचे पहिले मोठे घर १८८३ ते १८८५ या काळात झाले. जागा पाहायला गेला तेव्हा तिथे एक खजुरीच्या जातीचे झाड होते आणि जमिनीवर पिवळ्या फुलांचे ताटवे होते. बांधकामासाठी ते सगळे काढावे लागणार होते. म्हणून त्याने त्या झाडाची पाने ओतीव लोखंडात उतरवून कुंपणाचे फाटक केले आणि ती फुले घराच्या भिंतींवरच्या चकचकीत लाद्यांवर रंगवून घेतली. ही फुले झेंडूच्या कुळातली, आपण ज्याला मखमल म्हणतो ती. दसऱ्याला आपल्या दारावर चढणारे फूल बार्सिलोनाच्या एका घराला कायमचे लागलेले आहे, हे कळल्यावर आमच्या घरात त्या परक्या माणसाविषयी एकदम आपुलकी निर्माण झाली.

गाउदीला घराचा नकाशा देऊन मोकळे होणे कधी जमले नाही. खुर्ची, बाक, दाराची कडी, खिडकीचा खटका, दारातले पाहायचे भोक, सगळे तो स्वतः करी. काल्व्हेट नावाच्या कापड कारखानदारासाठी त्याने १९०० मध्ये एक इमारत पुरी केली. त्या वर्षीच्या उत्तम इमारतीचे बार्सिलोना नगरपालिकेचे बक्षीस तिला मिळाले. इमारतीच्या दारापाशी सुताच्या रिळांची आठवण करून देणारे खांब आहेत. दारावर वाजवायची जी कडी आहे तिचा आकार क्रॉसचा, आणि ती आपटते खालच्या लोखंडी ढेकणावर. म्हणजे येणारा प्रत्येक पाहुणा दार वाजवताना एक ढेकूण मारतो! दाराच्या मुठी करताना त्याने ओली माती हातात घेऊन दाबली आणि बोटांचे जे ठसे उठले तोच आकार पितळेत उतरवला, असे सांगतात. मुठीचे फोटो पाहिले तर खरे वाटते. अंगठा कुठे ठेवायचा हे मूठच सांगते. काल्व्हेटच्या कचेरीसाठी केलेल्या ओकच्या खुर्च्या पाठीला धरून बसतात अशा आहेत. आम्ही पस्तीस वर्षे सरकारी साच्याच्या खुर्चीत काढली, तेव्हा या बाबतीत आमचे मत जरा जास्त ठाम आहे.

कासा बाट्यो या घरात, १९०४ ते १९०६ मध्ये, त्याने मधल्या उजेडाच्या चौकाला निळ्या लाद्या बसवल्या. वर गडद निळ्या, खाली येता येता फिकट होत गेलेल्या. खिडक्या वर लहान आणि खाली मोठ्या. कारण वरच्या मजल्याला ऊन भरपूर आणि तळाला थोडे. गडद रंग वरचा झगझगाट शोषतो आणि फिकट रंग खाली पोचलेला थोडासा उजेड परत फेकतो. चौकात उभे राहिले की सगळ्या भिंती साधारण सारख्याच निळ्या दिसतात. आपल्या जुन्या वाड्यांतही चौक असत, पण तळमजल्याच्या माजघरात दिवसा दिवा लावावा लागे, हे आमच्या पिढीला आठवत असेल. याच घरासाठी त्याने समुद्रातल्या प्राण्या-वनस्पतींची नक्षी असलेली षटकोनी लादी केली. एका लादीवर नक्षी अपुरी असते. सात लाद्या जुळल्या की चित्र पुरे होते. लाद्या वेळेवर तयार झाल्या नाहीत आणि त्या पुढच्या घरात, कासा मिलामध्ये लागल्या. आज त्याच नक्षीच्या लाद्या शहराच्या मुख्य रस्त्याच्या पदपथावर आहेत आणि लोक त्यांवरून बाजारहाट करत जातात.

कासा मिला, १९०६ ते १९१२. लोकांनी त्याला दगडाची खाण असे टोपणनाव ठेवले, ते अजून टिकून आहे. भिंतींवर भार नाही, सगळा भार खांबांवर आणि तुळयांवर, त्यामुळे भाडेकरूला आतल्या भिंती हव्या तशा हलवता येतील अशी सोय. माळ्यावर विटांच्या २७० कमानी आहेत आणि तो माळा धुणे वाळत घालण्यासाठी केलेला होता. पण मालक आणि वास्तुकार यांचे फीवरून बिनसले. गाउदी कोर्टात गेला आणि जिंकला. मालकाला १,०५,००० पेसेता द्यायला तेच घर गहाण टाकावे लागले. गाउदीने ती रक्कम स्वतःकडे न ठेवता दान केली. आमच्यासारख्याला ही हकीकत वाचून दोघांचीही कीव येते. बारीकसारीक सगळे करारात लिहून घेणारा एखादा हेडक्लार्क मध्ये असता तर बरे झाले असते.

पार्क ग्वेल ही खरे तर बागच नव्हे. ग्वेलने टेकडीवर श्रीमंतांसाठी साठ प्लॉटांची वसाहत काढायचे ठरवले होते. १९०० ते १९१४ पर्यंत काम चालले. घरे झाली फक्त दोन. गुंतवणूक म्हणून सपशेल बुडीत खाते! त्यातल्या एका घरात गाउदी बापाला आणि भाचीला घेऊन १९०६ मध्ये राहायला आला. बाप त्याच वर्षी गेला, भाची १९१२ मध्ये. पण वसाहतीसाठी आधीच बांधून ठेवलेल्या गोष्टी शहराला मिळाल्या. वरचे मोठे पटांगण ८६ खांबांवर उभे आहे. पटांगणावर पडलेले पावसाचे पाणी वाळूतून गाळले जाते, पोकळ खांबांतून खाली उतरते आणि सुमारे १२ लाख लिटरच्या टाकीत साठते. पटांगणाच्या कडेने नागमोडी बाक आहे. तो फुटक्या कपबश्या, ताटल्या आणि कारखान्यात नाकारलेल्या लाद्यांच्या तुकड्यांनी मढवला आहे. यात त्याचा सहकारी जोझेप मारिया जुजोल याचा मोठा हात होता. आपल्याकडे गच्चीवर उन्हापासून आणि गळतीपासून वाचण्यासाठी जी चायना मोझॅक करतात, तीच ही युक्ती. वडोदऱ्यात जुन्या घराच्या गच्चीवर पापड वाळत घातलेल्या कोणालाही ती नवी वाटणार नाही. अहमदाबादेत बाळकृष्ण दोशींनी, जे जन्माने पुण्याचे, आपल्या संगथ या कार्यालयाच्या अर्धगोल छपरांवर हीच फुटकी चिनीमाती लावली.

आता दोरी आणि छऱ्यांकडे येऊ, कारण गाउदीचे मोठेपण आमच्या मते तिथे आहे.

दसऱ्याचे तोरण दोन खिळ्यांना टांगले की मध्ये झोळ पडतो. त्या झोळाचा आकार तोरण आपोआप घेते. प्रत्येक फूल खाली ओढते, प्रत्येक फुलाला दोरा वर धरतो, आणि दोऱ्यात सगळीकडे फक्त ताण असतो. मध्ये एखादे जड फूल ओवले की आकार लगेच बदलतो आणि नव्या वजनाला योग्य होतो. आता कल्पना करा की हा झोळ दगडासारखा घट्ट झाला आणि तो उलटा करून जमिनीवर उभा केला. मग जिथे ताण होता तिथे बरोबर तेवढाच दाब येईल. दगड-विटांना ताण सोसत नाही, ओढले की त्या सुटतात. दाब मात्र त्या हवा तेवढा सोसतात. म्हणजे टांगलेल्या दोरीचा उलटा आकार ही दगडाच्या कमानीची सर्वांत निर्धोक रेघ झाली. हे तत्त्व इंग्लंडच्या रॉबर्ट हूकने सतराव्या शतकातच सांगून ठेवले होते. पण एक कमान वेगळी, आणि पंचवीस-तीस खांब, त्यांच्या फांद्या आणि वरचे घुमट असलेली अख्खी इमारत वेगळी. तिथे एक दोरी हलवली की सगळ्या हलतात. त्या काळी हे कागदावर सोडवणे जवळजवळ अशक्य होते.

गाउदीने ते कागदावर सोडवलेच नाही. ग्वेलच्या कापड गिरणीच्या कामगारवस्तीत एक चर्च बांधायचे होते. १८९८ मध्ये त्याने तिथल्या एका शेडमध्ये छताला फळी लावली. तिच्यावर चर्चचा तळाचा नकाशा काढला आणि प्रत्येक खांबाच्या जागी दोरी टांगली. दोऱ्यांना दोऱ्या बांधल्या आणि जिथे जो भार येणार तिथे छऱ्यांची छोटी पिशवी लटकवली. लांबी दहास एक या प्रमाणात आणि वजन दहा हजारास एक. म्हणजे पिशवीत एक ग्रॅम टाकला की इमारतीत दहा किलो. प्रतिकृती चार मीटर उंचीची झाली. एखादा मनोरा जड करायचा ठरला की पिशवीत चार छरे वाढवायचे. सगळे जाळे आपणहून सरकून नवे उत्तर देई. मग तिचा फोटो काढायचा, फोटो उलटा धरायचा आणि त्यावर रंगाने भिंती, खिडक्या, मनोरे रंगवायचे. गुरुत्वाकर्षणच त्याचा हिशेबनीस होता आणि त्या हिशेबनिसाची बेरीज चुकत नाही. आजचे वास्तुकार संगणकावर प्रतिकृती करतात, एक आकडा बदलला की सगळा आराखडा बदलतो. हे काम गाउदीने दोऱ्यांवर केले होते.

याला लागली दहा वर्षे. आमच्या शाखेत कोणी अर्जदार येऊन दहा वर्षे फक्त छताला दोऱ्या बांधणार म्हणाला असता, तर आम्ही त्याला चहा पाजून वाटेला लावले असते. ग्वेलने तसे केले नाही. १९०८ मध्ये बांधकाम सुरू झाले. १९१४ मध्ये ग्वेलच्या मुलांनी पैसे थांबवले, तोवर फक्त चर्चचे तळघर झाले होते. वरचे चर्च कधीच झाले नाही. पण ते तळघर पाहण्यासारखे आहे. खांब तिरपे आहेत, कारण दोरी तिरपी होती. खिडक्यांच्या जाळ्या गिरणीतल्या यंत्रांच्या टाकाऊ सुयांच्या आहेत. बसायची बाकेही गाउदीचीच. मूळ दोऱ्यांची प्रतिकृती नष्ट झाली, फोटो उरले.

हे शिक्षण त्याने घेतले ते साग्रादा फामिलियासाठी. पवित्र कुटुंबाचे हे चर्च एका धार्मिक पुस्तकविक्रेत्याच्या पुढाकाराने लोकवर्गणीतून निघाले. पायाभरणी १८८२ मध्ये झाली. पहिल्या वास्तुकाराचे आयोजकांशी पटले नाही आणि १८८३ मध्ये काम एकतीस वर्षांच्या गाउदीकडे आले. पुढची ४३ वर्षे ते त्याच्याकडे होते. तरुणपणी टापटिपीचे कपडे घालणारा, नाटके-ऑपेरा पाहणारा हा माणूस हळूहळू बदलत गेला. माणसे एकेक करून गेली, १९१८ मध्ये ग्वेलही गेला. १९१४ नंतर त्याने दुसरे काम घेतले नाही. वर्गणी आटली की तो स्वतः घरोघर मागायला जाई.

इथे एक प्रसंग सांगायलाच हवा. ११ सप्टेंबर १९२४, कातालान लोकांचा स्मरणदिन. स्पेनमध्ये तेव्हा प्रिमो दे रिव्हेरा याची हुकूमशाही होती आणि कातालान भाषेवर बंधने होती. प्रार्थनेला जाणाऱ्या बहात्तर वर्षांच्या गाउदीला पोलिसांनी दारात अडवले. तो कातालानमध्ये बोलला. स्पॅनिशमध्ये बोल, असा हुकूम झाला. स्पॅनिश त्याला उत्तम येत होती. त्याने ती बोलायचे नाकारले. त्याला कोठडीत घातले आणि दंड भरल्यावर सोडले. आपल्या मंडळात ज्यांची मुळे बेळगाव-निपाणीकडची आहेत त्यांना या प्रसंगावर भाष्य करून सांगण्याची गरज नाही.

चर्च आपल्या हयातीत होणार नाही हे त्याला केव्हाच कळले होते. प्रश्न असा होता की पुढच्या माणसांना काय द्यायचे. कातालोनियातल्या वेलींचे आकार त्याच्या मनात होते, पण मनातला आकार दुसऱ्याला देता येत नाही. म्हणून शेवटच्या बारा वर्षांत त्याने आपले मुक्त आकार टाकून दिले आणि फक्त असे वक्र पृष्ठभाग घेतले जे सरळ रेषांनी बनतात. वेताच्या सरळ काड्या तिरप्या बांधून केलेले बसायचे गोल स्टूल, ज्याला इकडे मुढा म्हणतात, ते डोळ्यांसमोर आणा. मध्ये कंबर बारीक, वर-खाली रुंद, सगळा आकार गोलसर, पण एकही काडी वाकडी नाही. असा आकार गवंड्याला दोरी ताणून आणि सरळ पट्टी धरून करता येतो. आणि तो थोड्याशा आकड्यांत सांगता येतो. खिडक्या, छत आणि उजेडाची भोके त्याने या मुढ्यांच्या आणि घोड्याच्या खोगिरासारख्या पृष्ठभागांच्या छेदांतून काढली. खांब झाडासारखे, वर फांद्या फुटलेले आणि तिरपे. भार जिकडे जातो तिकडेच खांब जातो, त्यामुळे जुन्या गॉथिक चर्चना बाहेरून लागणारे टेकू त्याला लागले नाहीत. हे सगळे त्याने मोठ्या प्लास्टरच्या प्रतिकृतींत करून ठेवले.

३० नोव्हेंबर १९२५ रोजी पहिला घंटामनोरा पुरा झाला. त्याने पाहिलेला तो एकच. ७ जून १९२६ च्या संध्याकाळी नेहमीप्रमाणे प्रार्थनेला पायी जाताना त्याला ट्रामची धडक बसली. कपडे जुने, खिशात ओळख पटवणारा कागद नाही. लोकांना तो भिकारी वाटला. शेवटी त्याला गरिबांच्या इस्पितळात नेले. दुसऱ्या दिवशी चर्चच्या धर्मगुरूने त्याला ओळखले. १० जून रोजी तो गेला. अर्धे शहर ज्याच्या घरांपुढून रोज जात होते, त्याला रस्त्यावर कोणी ओळखले नाही. त्याला साग्रादा फामिलियाच्या तळघरातच पुरले.

जुलै १९३६ मध्ये स्पेनमध्ये यादवी पेटली. जमावाने चर्चच्या तळघराला आणि कार्यशाळेला आग लावली. नकाशे जळाले. प्लास्टरच्या प्रतिकृतींचे तुकडे झाले. यादवी संपल्यावर गाउदीच्या हाताखालच्या लोकांनी ते तुकडे वेचून ठेवले.

नंतर वाद झाला. गाउदीशिवाय गाउदीचे चर्च बांधावे का? १९६५ मध्ये नामवंत वास्तुकार आणि कलावंतांनी बार्सिलोनाच्या वर्तमानपत्रात पत्र छापून काम थांबवा असे सांगितले. सही करणाऱ्यांत चंदीगड वसवणारे ल कॉर्बुझिएही होते. त्यांचे म्हणणे अगदीच चूक होते असे आम्हाला वाटत नाही. कवी गेल्यावर त्याची अर्धी कविता दुसऱ्याने पुरी करू नये, हे कोणालाही पटेल. पण गाउदीने कविता ठेवली नव्हती. त्याने आकडे ठेवले होते, आणि ते जळलेल्या कागदावर नसून फुटलेल्या तुकड्यांच्या वळणात होते.

१९७९ मध्ये न्यूझीलंडमधला मार्क बरी नावाचा विद्यार्थी तिथे आला आणि ते तुकडे मोजायला बसला. एका तुकड्यावर दोन वक्र पृष्ठभाग जिथे भेटतात तिथे एक कड असते. कोणते दोन मुढे, कुठे ठेवले असता नेमकी हीच कड येईल? कागदावर एकेका खिडकीला महिने लागत. १९९० च्या सुमारास संगणक आणला. इमारतींसाठीची प्रणाली पुरी पडेना, म्हणून विमाने आखायची प्रणाली वापरली. विमानाच्या अंगाला जशी वळणे तशीच इथे होती. आकडे बदलत बदलत संगणकातला आकार हातातल्या तुकड्यावर बसेपर्यंत काम चाले. पुढे त्रिमितीय छपाईची यंत्रे आली आणि त्यांनी पुन्हा प्लास्टरच्याच प्रतिकृती काढून दिल्या, गाउदीच्या कार्यशाळेतल्यासारख्या. मधल्या दालनाचे छत झाले आणि नोव्हेंबर २०१० मध्ये पोपच्या हस्ते चर्च प्रार्थनेला खुले झाले. बांधकामाचा रीतसर परवाना मात्र मिळाला २०१९ मध्ये, पायाभरणीनंतर १३७ वर्षांनी. कागदपत्रे अपुरी म्हणून परत पाठवलेल्या आमच्या जुन्या कर्जदारांनी हे वाचले तर ते आम्हाला माफ करतील का, कोण जाणे.

मधल्या मनोऱ्याची उंची त्याने १७२.५ मीटर ठरवली होती, बार्सिलोनाच्या मोंजुईक टेकडीपेक्षा थोडी कमी. माणसाच्या कामाने देवाच्या कामाच्या वर जाऊ नये, अशी त्याची श्रद्धा.

कासा मिलाच्या माळ्यावर, जिथे पूर्वी धुणे वाळत असे, आता एक छोटे प्रदर्शन आहे. त्यात साखळ्यांची एक टांगती प्रतिकृती आहे आणि तिच्याखाली आरसा ठेवला आहे. लोक येतात, वर लोंबणाऱ्या साखळ्या बघतात, काही कळत नाही म्हणून पुढे जाऊ लागतात. मग कोणीतरी लहान मूल वाकून आरशात बघते आणि आईबापांना हाक मारते.